भय एकाचं, मेंढरू दुसऱ्याचं

(माण, ता. मुळशी येथील व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



पत्रिकेत विषय छापून आला आणि मला दोन फोन आले. पहिला भोसरीच्या जुन्या मित्राचा. त्याचं आडनाव लांडगे. ‘आमच्याबद्दल काय काय सांगणार आहेस ते आधी ठरवून घेऊ,’ म्हणाला. दुसरा फोन इथल्याच एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा. त्यांच्या आवाजात मात्र खरी काळजी होती. ‘डॉक्टर, आपल्याकडे लांडगे आलेत का? ग्रुपवर टाकू का?’ मी म्हटलं, टाकू नका, शनिवारी सांगतो.

तर सांगतो. माणमध्ये लांडगा आलेला नाही. ज्यांना तेवढंच ऐकायचं होतं त्यांनी निघायला हरकत नाही. बाकीच्यांनी बसावं, कारण लांडगा आला नाही म्हणजे धोका नाही असं मी म्हणणार नाही आहे.

खरं म्हणजे माण दोन आहेत. एक हे आपलं. एकेकाळी भाताची खाचरं, आता आयटी पार्कचा तिसरा टप्पा, मेट्रोचा डेपो आणि सकाळी नऊला हलायचं नाव न घेणारा रस्ता. दुसरं माण साताऱ्याकडचं. दहिवडी-म्हसवडचा तो तालुका, माणगंगेचा, पाऊस चुकवून जाणाऱ्या ढगांचा. लांडगा त्या माणचा आहे. मी पशुवैद्यकीय खात्यात होतो आणि माझी सगळी नोकरी माण, पुरंदर, दौंड अशा कोरड्या तालुक्यांत गेली. निवृत्तीनंतर मुलाच्या फ्लॅटमध्ये म्हणून इथं आलो. त्या माणचं या माणमध्ये सांगायला मला बोलावलंत, त्याबद्दल आभार.

आधी प्राणी ओळखून घ्या. बर्फातून धावणारा, वासराएवढा, पांढऱ्या आयाळीचा लांडगा सिनेमात असतो. आपला लांडगा अठरा ते पंचवीस किलोचा. रंग वाळल्या गवताचा, थोडा राखी. उन्हाळ्यात तर बरगड्या मोजाव्यात. गावठी कुत्र्याहून जरा उंच, पाय लांब, छाती अरुंद, शेपूट सरळ खाली सोडलेली. पळताना तो घाईत आहे असं वाटत नाही, पण नजर हटवून पुन्हा बघावं तर पुढच्या टेकाडावर पोचलेला असतो. कळप म्हणजे दोन-चार, फार तर सहा-सात. हिवाळ्यात माळावरच्या एखाद्या बिळात पिल्लं होतात.

त्याला शास्त्रात ज्या नावानं ओळखतात ते नाव आपल्याच मुलखात ठरलं. विल्यम हेन्री साइक्स नावाचे लष्करी अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत होते. १८३१ साली त्यांनी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी सादर केली. तिच्यात हा ‘पॅलिपेस’, म्हणजे फिकट पायांचा, आणि शेजारी मराठी नाव, लांडगा. त्यांनी एक बारीकशी नोंदही केली आहे. हा प्राणी दख्खनच्या उघड्या, खडकाळ माळांवर पुष्कळ दिसतो, घाटातल्या रानात दिसत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते दहा मिनिटांनी लागणार आहे.

त्या आधीची दोनशे वर्षं बघू. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या वतीनं मुरार जगदेवानं पुणं उद्ध्वस्त केलं, गाढवाचा नांगर फिरवला, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. त्याच सुमारास, १६३० ते ३२, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. वस्त्या ओस, जमिनी पडीक. बखरींमधून आलेली आणि जदुनाथ सरकारांनी आपल्या शिवचरित्रात घेतलेली माहिती अशी, की शहाजीराजांच्या पुणे जहागिरीचा कारभार दादोजी कोंडदेव बघू लागले तेव्हा मावळात लांडगे माजले होते. कारभाऱ्यांनी डोंगरातल्या लोकांना बक्षिसं लावून लांडगे मारवले आणि सवलतीच्या साऱ्यावर जमिनी पुन्हा लागवडीला आणल्या. दादोजींच्या बाकी भूमिकेवर गेल्या काही वर्षांत जे वाद झाले त्यात मी पडत नाही, माझा विषय चार पायांचा आहे. पण मुळशी हे मावळच. म्हणजे या मातीत लांडग्यांबद्दल कारभारानं काही केल्याची एक जुनी आठवण शिल्लक आहे, आणि ती शेतीच्या कारभाराला जोडूनच येते.

आता साइक्सचं वाक्य आठवा. घाटातल्या रानात लांडगा नाही. मग मावळात कसा माजला? माझा अंदाज सांगतो, अंदाजच आहे. गावं उठली, बांध फुटले, कसलेल्या जमिनी गवताखाली गेल्या, भुकेनं मेलेली जनावरं उघड्यावर पडली, आणि माळावरचा लांडगा वर सरकला. तो माणसांवर चाल करून आला नाही. माणसं जिथून निघून गेली तिथं तो आला.

हे मी उगाच सांगत नाही. लांडग्यानं माणूस मारल्याच्या ज्या घटना नीट तपासल्या गेल्या आहेत त्यांत हीच खूण पुन्हा पुन्हा सापडते.

इथं थोडं थांबतो. निसर्गप्रेमींच्या सभेत गेलं की एक वाक्य ऐकायला मिळतं, लांडगा माणसाला काही करत नाही. मला हे वाक्य खोटं वाटतं आणि खोट्यापेक्षा जास्त म्हणजे निर्दय वाटतं. हजारीबाग परिसरात, तेव्हाचा बिहार आणि आताचा झारखंड, एप्रिल १९९३ ते एप्रिल १९९५ या दोन वर्षांत लांडग्यांनी ८० मुलांवर हल्ले केले. त्यांतली २० वाचवता आली. १९९६ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात, प्रतापगढ, सुलतानपूर, जौनपूर या पट्ट्यात, पुन्हा तेच. २०२४ मध्ये बहराइच जिल्ह्यातल्या महसी तहसिलीत, घाघरा नदीच्या काठच्या गावांत, पुन्हा. ज्या आईच्या कुशीतून पोर उचलून नेलं तिला जाऊन सांगा की लांडगा माणसाला काही करत नाही.

पण कोणाची पोरं? १९९६ च्या घटनांचा अभ्यास यादवेंद्रदेव झाला आणि दिनेशकुमार शर्मा यांनी केला. बळी गेलेली मुलं लहान, बहुतेक दहा वर्षांखालची. घरं गरिबांची. घराला दार नाही, झोपणं अंगणात, बाप कामाला लांब गेलेला. त्या मुलखात रानातलं भक्ष्य उरलेलं नव्हतं आणि शेळ्या-मेंढ्या लोक जिवापाड जपत. म्हणजे रात्री शेळी घरात आणि पोर बाहेर. शेळीची किंमत घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते, हे मी कुणाला दोष देण्यासाठी बोलत नाही. मी अशा घरांत गेलो आहे. एकच खोली असते आणि शेळी गेली तर पुढचं वर्ष जातं.

त्याच १९९६ साली तिकडे दुसरी एक गोष्ट घडली. हा लांडगा नाहीच, ‘मनई’ आहे, अर्धा माणूस अर्धा लांडगा, अशी वदंता उठली. लांडग्याचं कातडं पांघरलेले हेर असल्याचंही बोललं गेलं. मग गावाबाहेरचा, ओळख न पटलेला माणूस दिसला की जमाव त्याच्यावर तुटून पडायचा, आणि अशी माणसं मेली. तेव्हा तिकडे मोबाइल नव्हते. सेक्रेटरीसाहेब, ग्रुपवर टाकू नका म्हणालो ते यासाठी.

आपल्या माळावर असं का घडत नाही, हा प्रश्न मला नोकरीत असताना अनेकदा पडायचा. ज्या तालुक्यांत मी नोकरी काढली तिथल्या सगळ्या वर्षांत लांडग्यानं पोर उचलल्याचा एकही पंचनामा माझ्या कानावर आला नाही. लांडगे नव्हते म्हणून नव्हे. वाड्याच्या आसपास ते रोज असत. मी धनगराच्या वाड्याबद्दल बोलतोय, पुण्यातल्या नव्हे. वाघूर म्हणजे जाळी लावून मेंढरं आत घेतलेली, बाजूला घोडी बांधलेली, कोकरं झापाखाली, तीन दगडांची चूल आणि तिथेच वाकळेवर पोरं झोपलेली. आकाश एवढंच छप्पर. लांडग्याला पोर आणि कोकरू सारख्याच अंतरावर. तरी तो कोकराकडेच जातो. याचं शास्त्रीय उत्तर असं देतात की त्याला शेळ्या-मेंढ्या, ससे, कुठे काळवीट असं खायला मिळतं आणि माणसाची भीती त्याच्या पिढ्यांत मुरलेली आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वाड्यावर कुणीतरी जागं असतंच. म्हातारी खोकत असते, कुत्रं गुरगुरत असतं, गडी उठून जाळीला एक फेरी मारतो. ओसाड नसते ती जागा.

आता दुसरा धोका, आणि हा मात्र कुठेही येऊ शकतो. पिसाळलेला लांडगा. जगभरातल्या २००२ ते २०२० या काळातल्या लांडग्यांच्या हल्ल्यांची नॉर्वेतल्या संशोधकांनी छाननी केली. भरवशाच्या नोंदींत ४८९ माणसं सापडली. त्यांतली ३८० रेबीज झालेल्या लांडग्यांनी चावलेली. भक्ष्य म्हणून हल्ला झालेली ६७. मेलेली सगळी मिळून २६. पिसाळलेला लांडगा आणि पिसाळलेलं कुत्रं यांत फरक असा, की कुत्रं पोटरीला चावतं, लांडगा तोंडाला, मानेला, हाताला. जखमा खोल असतात. मेंदूपासून जखम जितकी जवळ तितका विषाणूचा प्रवास लहान, आणि लस आपलं काम करीपर्यंत वेळ उरत नाही.

या संकटाचा इलाज शोधताना लांडग्यानंच डॉक्टरांची परीक्षा घेतली. १८८६ च्या मार्चमध्ये रशियातल्या स्मोलेन्स्ककडचे १९ शेतकरी पॅरिसला लुई पाश्चरकडे पोचले, पिसाळलेल्या लांडग्यानं फाडलेले. पाश्चरनं नवी लस टोचली. १६ वाचले, तिघं गेले. पुढे १९५४ च्या ऑगस्टमध्ये इराणमधल्या सहने गावात एका पिसाळलेल्या लांडग्यानं एका रात्रीत २९ जणांना चावे घेतले. ज्यांच्या डोक्याला जखमा होत्या त्यांच्यातल्या पाच जणांना नुसती लस मिळाली, त्यांतले तिघं मेले. तेरा जणांना लसीबरोबर रेबीजविरोधी सीरम दिलं, त्यांतला एकच गेला. आज पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात खोल चाव्याच्या जखमेत लसीशिवाय आणखी एक इंजेक्शन भरतात आणि नातेवाईक विचारतात की हे कशाला, त्याचं उत्तर सहने गावात आहे.

म्हणून दोन वाक्यं कामाची. लांडगा असो, कुत्रं असो, कोल्हा असो, चावल्यावर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची. चुना, हळद, मिरची, तंबाखू काही भरायचं नाही. आणि लस अर्धी सोडायची नाही. हे मी तीस वर्षं सांगत आलो. तरी दर वर्षी कुणीतरी आधी मांत्रिकाकडे जाऊन मग येई.

आता मेंढरांकडे येतो. माझा खरा विषय तोच.

पहाटे निरोप यायचा. डॉक्टर, लांडगा पडला. मोटरसायकलवर अर्धा तास, मग चालत. मेंढी पडलेली असायची आणि तिच्याभोवती सगळं कुटुंब गप्प. मी वाकून आधी नरडं बघायचो. लांडग्याचं काम नेमकं असतं. नरड्याला किंवा मानेखाली खोल दात, पोट फाडलेलं, मांडीचं मांस गेलेलं. लहान कोकरू तर सापडतच नाही, उचलून नेलेलं असतं. बिबट्याही नरडंच धरतो, पण सुळ्यांची चार भोकं मोठी आणि ओढत आडोशाला नेल्याची खूण असते. कुत्र्यांचं काम अडाण्याचं. मागच्या तंगड्या, कान, शेपूट, कास, जिथं मिळेल तिथं चावे. पाच-सहा जनावरं फाडलेली, खाल्लेलं एकही नाही. काही तर जिवंत असतात आणि ते बघवत नाही.

लांडग्यानं मारलं तर सरकार भरपाई देतं. वाघ, बिबट्या, अस्वल, तरस यांच्या यादीत लांडगा आहे. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे मेंढी किंवा शेळी गेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते. कागद चांगला आहे. पण तो कागद घर असलेल्या माणसासाठी लिहिला आहे. घटनेची खबर ४८ तासांच्या आत द्यायची, मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही, पंचनामा व्हायचा, किंमत ठरायची, मग बँकेत पैसे. धनगराचा वाडा आज जेजुरीच्या माळावर, परवा सासवडच्या पुढे. दिवाळीनंतर निघालेली मेंढरं घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याआधी परत फिरतात. ज्या शेतात वाडा बसवला तिथं लेंडीखतासाठी दोन रात्रींचा करार, तिसऱ्या दिवशी मालक म्हणतो हला. मेलेल्या मेंढीपाशी एक माणूस ठेवायचा तर दोनशे मेंढरांमागे कोण चालणार? शिवाय वनरक्षक विचारतो, गाव कुठलं तुमचं? गाव शंभर किलोमीटरवर. गाभण मेंढीचा भाव लावताना पोटातलं कोकरू कुठल्याच रकान्यात बसत नाही. एका ठिकाणी तर, कार्यालयाचं नाव घेत नाही, तीन खेपा घातल्यावर माणूस मला म्हणाला, ‘डॉक्टर, येण्याजाण्यात दुसरी मेंढी गेली.’

त्यामुळे बहुतेक जण खबरच देत नाहीत. मेंढी पुरतात आणि चालू लागतात. काही जण, थोडेच, मेलेल्या मेंढीत शेतातलं विषारी औषध भरून ठेवून जातात. मग त्या एका मेंढीवर लांडगे, तरस, कोल्हे मरतात, गिधाडं राहिली असतील तर तीही. बिळात धूर करून पिल्लं मारल्याचंही ऐकलं आहे. आपण इथं बसून याला क्रूरपणा म्हणू. त्या माणसानं नुकतंच वर्षभराचं उत्पन्न पुरलेलं असतं.

माझ्या डोक्यात ही गोष्ट किती तरी वर्षं घोळत राहिली. लांडग्याचं भय एका माणसाचं असतं आणि नुकसान दुसऱ्याचं. ज्याच्या मेंढ्या जातात तो लांडग्याला घाबरत नाही. शिव्या देतो, त्याच्या वाटा जाणतो, रात्री खाकरतो आणि झोपतो. जो घाबरतो त्यानं लांडगा उभ्या जन्मात पाहिलेला नसतो आणि त्याचं काही जाणारही नसतं. आणि दवंडी पिटायचं साधन याच्याच हातात असतं.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आठवा. ज्या गुरुजींच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलं आहे त्यांनीही ती इथल्या दोन-तीन पिढ्यांना शिकवली असणार. मुलगा खोटं बोलला, म्हणून तिसऱ्यांदा कुणी आलं नाही. आपण सगळे त्या मुलालाच दोषी धरत मोठे झालो. मला नोकरी लागल्यावर एक साधी शंका आली. गावच्या सगळ्या मेंढ्या आणि राखायला एक पोर? मोठी माणसं कुठे होती? मूल खोटं का ओरडलं असेल? एकटं होतं, दुपार लांबली होती, कुणीतरी यावं असं वाटलं असेल. ज्यानं ही गोष्ट रचली तो माझ्या मते गावात राहणारा होता, माळावर नव्हे.

आता इथलं. चाकणकडे मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात मार्च २०२२ मध्ये बिबट्या शिरला होता, ते तुम्ही मोबाइलवर पाहिलं असेल. वनखात्यानं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातल्या लोकांनी काही तासांनी त्याला बेशुद्ध करून नेलं. बिबट्या या पट्ट्यात का आला आणि लांडगा का गेला, याचं कारण एकच आहे, पाणी. कालवे आले, जुन्नर, आंबेगाव, शिरूरला ऊस झाला, उसात बिबट्याला लपायला आणि पिल्लं वाढवायला जागा मिळाली. शिरूरच्या पिंपरखेडला २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जे झालं, माणसं गेली आणि लोक रस्त्यावर उतरले, ते मी इथं उगाळत नाही. लांडग्याला लपायला जागा नको असते, उघडी जागा हवी असते. आणि उघड्या जागेला आपल्या सरकारी कागदात एकच शब्द आहे, पडीक. पडीक म्हटलं की दोन गोष्टी सुचतात. एक, झाडं लावा. माळावर ग्लिरिसिडियाच्या रांगा लावल्या की गवत संपतं, पण फोटोत हिरवं दिसतं. दुसरी, एमआयडीसी. जेजुरी, कुरकुंभ, रांजणगाव, सुपे. आणि आता पुरंदरचा विमानतळ.

सुपेही दोन आहेत, जशी माण दोन. एक पारनेर तालुक्यातलं, तिथं एमआयडीसी. दुसरं बारामती तालुक्यातलं, तिथं मयूरेश्वर अभयारण्य, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. त्याचं क्षेत्र साधारण पाच चौरस किलोमीटर. एका लांडग्याच्या कळपाला फिरायला शंभर-दोनशे चौरस किलोमीटर लागतात. म्हणजे लांडगा अभयारण्यात राहत नाही, अभयारण्यातून जातो. राज्यातल्या जवळपास नव्वद हजार चौरस किलोमीटर मुलखात बिबट्या, लांडगा आणि तरस कुठे कुठे आहेत याचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या साऱ्या मुलखात संरक्षित क्षेत्र अडीच टक्क्यांच्या आसपास. उरलेलं सगळं तुमचं-आमचं, शेताचं, रस्त्याचं, वाड्यांचं. सबंध देशात लांडगे तीन हजारांच्या आसपास आहेत असा अंदाज आहे. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो वाघाच्या शेजारी बसतो. वाघाला पाहायला लोक ताडोब्याला जीप करून जातात. आता इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिरसुफळला वनखात्यानं माळरानाची सफारी सुरू केली आहे, तिथं जाऊन या. गवत बघायला पैसे द्यायचे ही कल्पना माझ्या धनगर मित्रांना फार विनोदी वाटते.

आणि कुत्री. आता जे सांगतो त्यावर प्राणिप्रेमी रागावतील, पण मी आयुष्यभर प्राण्यांचाच डॉक्टर होतो. औद्योगिक पट्टा वाढतो तसा कचरा वाढतो. हॉटेलांचं उष्टं, चिकनच्या दुकानांचा माल, पोल्ट्रीत मेलेल्या कोंबड्या माळावर नेऊन टाकलेल्या. त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसतात. या कुत्र्यांना ना मालक ना लस. ती मेंढरं फाडतात, काळविटाची पाडसं मारतात आणि लांडग्याला रेबीज आणि डिस्टेंपर देऊन येतात. शिवाय त्याच्याशी संकरही करतात. पुणे जिल्ह्यातल्या माळावर २०१४ मध्ये विचित्र रंगाचे लांडगे दिसले होते. पुण्यातल्या ग्रासलँड्स ट्रस्टच्या लोकांनी आणि बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी केसांचे नमुने घेऊन जनुकं तपासली. लांडगा आणि कुत्रा यांचा संकर असल्याचं २०२३ मध्ये सिद्ध होऊन छापून आलं. लांडगा पिसाळून कुणाला चावला तर तो आजार त्याच्यापर्यंत बहुधा आपल्या उकिरड्यावरून गेलेला असतो. पिसाळलेला लांडगा माळावर जन्मतो असं आपण धरून चालतो. त्याची सुरुवात कदाचित आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर असते.

कुत्र्यानं मेंढी मारली तर वनखात्याची भरपाई नाही. ते वन्यप्राणी नव्हेत. हे मी नोकरीत असताना किती जणांना सांगितलं असेल. समोरच्या माणसाला दातांच्या खुणा माझ्याहून चांगल्या कळायच्या. तरी तो माझ्याकडे बघत राहायचा. मीही कागदाकडे बघत राहायचो. तेव्हा मी काय लिहिलं आणि काय नाही, ते निवृत्त माणसाला विचारू नये.

गेल्या मार्चमध्ये सकाळी फिरायला निघालो होतो. मेट्रोच्या खांबांपलीकडे, जिथं कंपाउंडच्या भिंती संपतात आणि अजून एक पट्टा मोकळा आहे, तिथं वाडा बसला होता. कोकणातून परतणारी मेंढरं. घोडीवर बिऱ्हाड बांधून तयार, झाप उचललेलं. मी सवयीनं थांबलो. गडी मेंढरं घेऊन पुढे गेला होता, म्हातारी मागचं आवरत होती. कुठल्या म्हणून विचारलं. म्हसवडकडच्या. मी म्हटलं, मी दहिवडीला होतो, ढोराचा डॉक्टर. तिनं हातातलं काम टाकलं आणि मला जाळीच्या कडेला घेऊन गेली. तिथं पोत्याखाली दोन कोकरं होती. मी वाकलो. नरड्याला काही नव्हतं. मागचे पाय, कान, पोटाचा कडेचा भाग. ऊसतोड्यांच्या पाचटासारखं सगळं विस्कटलेलं.

‘कुत्री,’ मी म्हटलं.

‘आठ होती,’ ती म्हणाली. ‘त्या हाटेलामागनं आली. पंचनामा करता का?’

मी सांगितलं की मी आता निवृत्त झालो. आणि तसंही कुत्र्यांचा पंचनामा कुठं चालत नाही. ती थोडा वेळ पोत्याकडे बघत राहिली. मागं तिसऱ्या टप्प्याकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसेस एकामागून एक हॉर्न वाजवत चालल्या होत्या. मग तिनं पोतं नीट केलं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि म्हणाली,

‘मग लांडगा लिवा की, डॉक्टर.’